चौदावी चाचणी

हे खरं आहे.

खरं आहे असं कुणी म्हटलं की माणसं आधी आपला खिसा चाचपतात, हे मला माहीत आहे. पण मला तुमच्याकडून काही नको. उलट हे खोटं आहे असं कुणी मला पटवून दिलं, तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन.

रात्र नव्हती. त्याबद्दल माफी असावी.

थंडीतला गुरुवार होता. दुपारचे चार वाजले होते. ऊन स्वच्छ होतं. जागा म्हणजे जंगलाच्या कडेला असलेली एक लाकडी खोली. भुताला शोभेल असं तिथे काहीच नव्हतं. एक बाक, दोन बादल्या आणि भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.

आणि आम्ही दोघं. मी आणि माझे मेहुणे.

मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. सुऱ्यांच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. भाजी चिरायच्या सुऱ्या नव्हेत. रानात एकट्यावर वेळ आली तर कामाला यावेत, असे मोठे सुरे. वीतभराहून लांब पातं, जाड पाठ, आणि पोलाद थेट मुठीच्या टोकापर्यंत सलग. नवा सुरा विकायला जाण्याआधी मेहुणे त्याला जंगलात नेत आणि दिवसभर त्याचे हाल करत.

"घरात सुरीने पाव कापला जात नाही, चुरगळतो," बहीण म्हणायची. "आणि हे पगार घेऊन जंगलात सुरे मोडतात."

"मोडला तर मोडला म्हणून सांगायचा तो पगार असतो," मेहुणे म्हणत.

एकूण चौदा चाचण्या. मनगटाएवढी फांदी किती घावांत तुटते ते बघायचं. लाकडाला खाच पाडायची. काडीवर कुरळे पापुद्रे काढायचे, म्हणजे ठिणगी चटकन धरते. चकमक घासून जाळ पेटवायचा. आणि सगळ्यात दांडगट प्रकार म्हणजे ओंडका फोडणं. सुरा ओंडक्यावर आडवा धरायचा आणि त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकत राहायचं, ओंडका दुभंगेपर्यंत.

प्रत्येक चाचणीपुढे दोन सह्या. एक तपासनिसाची, दुसरी साक्षीदाराची. साक्षीदार कारखान्याबाहेरचा हवा असा नियम होता. नात्यातला नको असा नियम नव्हता, आणि आमच्या घरात बाहेरचा आणि रिकामा असा मी एकटाच.

माझं काम फार जबाबदारीचं. घडीच्या खुर्चीवर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि बघायचं.

सह्या मी सकाळीच करून टाकायचो. चौदाच्या चौदा. थंडीने बोटं आखडली की माझी सही मलाच ओळखू येत नाही. मेहुण्यांचंही तेच. एकदा पेन काढलंय तर सगळ्या उरकून घ्या, असा आमचा सुटसुटीत कारभार.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. सांगायला आवडणार नाही, तरी सांगतो.

चौदावी चाचणी थंडीची. सुरा तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवायचा. मग लगेच गाठ असलेला ओंडका घ्यायचा आणि चाळीस ठोके. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करताना, भट्टीत काही कमीजास्त झालं असेल, तर ते इथे कळतं. उन्हात शहाण्यासारखं वागलेलं पातं गारठ्यात काचेसारखं तडकतं.

याच्या आधीच्या सुऱ्याच्या वेळी तेरा चाचण्या झाल्या, तेव्हा अंधारून आलं होतं. माझे गुडघे बोलत होते. मेहुण्यांनी बर्फाचा डबा उघडला, तेव्हा मी म्हणालो, "अहो मेहुणे, तेरा झाल्या. आता चौदाव्या चाचणीत काय दिवे लावायचेत?"

ते हसले. डबा बंद केला.

सह्या झालेल्याच होत्या.

दोन वर्षांनी डोंगरात एक वाटाड्या गेला. हिमवादळात एका कपारीत अडकला होता. चौथ्या दिवशी सापडला. शेजारी ओली लाकडं, पापुद्र्यांचा ढीग, चकमक... आणि त्याच बनावटीच्या सुऱ्याची मूठ. पातं ओंडक्याच्या गाठीत रुतून तुटलेलं. आतलं कोरडं लाकूड दोन बोटांवर होतं, असं शोधायला गेलेले म्हणाले. ते मिळालं असतं तर जाळ झाला असता.

कारखान्याचे मालक म्हणाले, नशीब. कागद बघितले तर सगळ्या चाचण्या पास.

दोन घरांच्या जेवणाखाण्यात, येण्याजाण्यात, तो विषय एकदाही निघाला नाही. इतक्या काटेकोरपणे आम्ही दुसरं कुठलंच काम केलं नसेल.

तर तो गुरुवार.

सुरा नवा होता. आधीच्या सुऱ्याचाच नवा अवतार, आणखी जाड पाठीचा. मालकांना तो थंडी संपण्याआधी दुकानात हवा होता. सकाळी मी सवयीने पेन काढलं. मेहुण्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"आज शेवटी करू, दादा."

मी बरं म्हणालो.

तेरा चाचण्या छान झाल्या. सुरा देखणा होता हो. फांदी सहा घावांत तुटली. पापुद्रे असे निघाले की वाटावं, याने न्हाव्याचं दुकान काढावं. मग मेहुण्यांनी डबा उघडला. बर्फ मासळीवाल्याकडून आणला होता, त्यामुळे विज्ञानाला मासळीचा वास येत होता. पाणी ओतलं, सुरा मुठीसकट बुडवला आणि बादली बाहेर पायरीवर ठेवली.

चार वाजले होते.

वारा बोचत होता, म्हणून आम्ही खोलीत आलो आणि दार लावलं.

बरोबर वीस मिनिटांनी...

ठक्.

ठक्.

ठक्.

मग थांबलं.

"लाकूडतोड्या असेल," मी म्हणालो.

मेहुणे कान देऊन ऐकत होते.

ठक्. ठक्. ठक्. पुन्हा थांबलं.

"कुऱ्हाड नाही ती," ते हळूच म्हणाले. "सुऱ्याच्या पाठीवर दांडकं पडतंय."

"कुणी सहलीला आलं असेल."

"तीन ठोके आणि विश्रांती. असं कोण ठोकतं?"

"कोण?"

"ज्याची बोटं बधिर झालीत तो. हात झटकायला थांबतो."

मी उठून दार उघडलं. बाहेर ऊन होतं. झाडं होती. बादली पायरीवर होती. बर्फाचे तुकडे पाण्यावर संथ तरंगत होते.

बादलीत सुरा नव्हता.

पायरीवर पाण्याचा एक थेंब नव्हता. माझं लक्ष तेव्हाच दुसऱ्या गोष्टीकडे गेलं. सकाळपासून पाखरांनी नुसता कलकलाट मांडला होता. आता...

एकही नाही.

आवाज खोलीच्या मागून येत होता. फार तर तीस पावलांवरून. मी निघणार, तेवढ्यात मेहुण्यांनी माझा दंड धरला. मला जावई मंडळींनी हात लावायची सवय नाही. पण मी सोडवून घेतला नाही.

मग ठोके थांबले आणि...

खर्र.

खर्र... खर्र...

चकमक. पोलादावर घासलेली.

बराच वेळ ते चाललं. एकदा, दोनदा, वीसदा. आणि मग जे आलं, ते मला अजून आंघोळ करतानासुद्धा ऐकू येतं.

फुंकर.

कुणीतरी ठिणगीवर फुंकर घालत होतं. घाई नाही. जपून. आजारी मुलाच्या दुधावर घालावी तशी. फूऽऽ... मग थांबणं. परत फूऽऽ...

धुराचा वास नव्हता.

"पेटत नाहीये," मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा राहिला नव्हता. "दादा, लाकूड ओलं आहे. आतलं कोरडं लाकूड काढल्याशिवाय पेटणार नाही."

जणू त्यांचं ऐकू गेलं. ठोके पुन्हा सुरू झाले. आता विश्रांती नाही. एकावर एक, जीव खाऊन. मेहुण्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. एकतीस. बत्तीस. तेहतीस.

कट्.

लहानसा आवाज. बशी तडकावी तसा.

मेहुण्यांनी डोळे मिटले. आठ वर्षांत या माणसाने एकवीस पाती मोडली होती. तो आवाज कशाचा, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं.

त्यानंतर काही नाही. फुंकरही नाही.

किती वेळ उभे होतो, देव जाणे. मग दूर कुठेतरी एक पाखरू बोललं, आणि आम्ही दोघं खोलीच्या मागे गेलो. एकमेकांना पुढे जाण्याचा मान देत गेलो.

तिथे झाडाखाली पापुद्र्यांचा ढीग होता. नीट रचलेला. आत बारीक, बाहेर जाड. मी दोन बोटांनी उचलून बघितले. चिंब ओले. पंधरा दिवसांत तिथे पावसाचा थेंब पडला नव्हता. सभोवती मऊ माती होती. तिच्यावर आमच्या दोघांच्या बुटांचे ठसे उमटत होते.

फक्त आमच्या.

परत आलो तर सुरा बादलीत होता.

अखंड.

मेहुण्यांनी तो बाहेर काढला आणि एकदम माझ्याकडे बघितलं. मग मूठ माझ्या हातात दिली. तासभर बर्फात असलेली मूठ...

कोमट होती. कुणीतरी आत्ताच हातातून ठेवावी तशी.

मला वाटलं होतं, आता हे सामान गुंडाळतील. मी तर खुर्चीची घडीसुद्धा केली होती. मेहुण्यांनी गाठीचा ओंडका पुढे ओढला.

"मेहुणे, पुरे झालं."

"मागच्या वेळी तुम्ही असंच म्हणाला होतात, दादा."

वाटाड्या गेल्यापासून तो विषय पहिल्यांदा निघाला. रागाने नाही. बस किती वाजता आहे, असं विचारावं तसं.

"आणि मी डबा बंद केला होता," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं म्हणालात. बंद मी केला."

मी खुर्ची पुन्हा उघडली. बसलो नाही. शेजारी उभा राहिलो.

चाळीस ठोके. मी एकही चुकवला नाही. पातं गाठीत शिरलं, गाठ फुटली, ओंडका दोन तुकडे होऊन पडला. मेहुण्यांनी भिंग लावून धार पाहिली, पाठ पाहिली, मुठीचा सांधा पाहिला. केसाएवढी चीर नाही. हातावरचे केस त्या सुऱ्याने तेव्हासुद्धा साफ निघत होते.

"पास आहे," ते म्हणाले.

त्यांनी कागद काढला. पेन टेकवलं. उचललं.

"तुम्ही ऐकलंत ना, दादा?"

"ऐकलं."

"तुटला ना?"

आता यावर काय बोलावं? सुरा माझ्या डोळ्यांपुढे होता. अख्खा. साक्षीदाराने डोळ्यांनी बघितलेलं सांगायचं असतं. कागदावर कानांसाठी रकाना नव्हता.

"तुटला," मी म्हणालो.

त्यांनी नापास लिहिलं आणि सही केली. खाली मी केली. बोटं इतकी आखडली होती की ती सही कुणाचीही असू शकेल. पण तेवढी एक माझी होती.

मालकांनी काय थयथयाट केला ते सांगत नाही. त्यांनी सुरा प्रयोगशाळेत पाठवला. क्ष-किरण काढले. पोलाद निर्दोष. "नापास का केलात?" या प्रश्नाला मेहुण्यांनी जे उत्तर दिलं, ते ऐकून मालकांनी त्यांना सुट्टी घ्यायला सांगितलं. मग मेहुण्यांनी मागच्या सुऱ्याचंही सांगून टाकलं. तेव्हा ती सुट्टी कायमची झाली. आता ते शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावतात. बहीण माझ्याशी महिनाभर बोलत नव्हती. "तुम्ही दोघं जंगलात नक्की काय पीत होतात?" एवढंच एकदा विचारलं.

दुसऱ्या तपासनिसाने चौदाही चाचण्या घेतल्या. खरोखर घेतल्या, मी चौकशी केली. सुरा पास झाला आणि विकायला गेला. सहाशे नग.

यंदा त्याला दुसरा हिवाळा. थंडीची लाट आली की मी सकाळी मालकांना फोन करतो. ते मला वेडा समजतात, पण फोन उचलतात. सभ्य माणूस आहे.

"काही आलं का परत?"

"काही नाही हो दादा. सहाशेतला एक नाही. आणि तुम्ही दर वेळी जिवाला घोर लावून घेता म्हणून सांगतो, काल एका गिर्यारोहकाचं पत्र आलंय. वाचून दाखवू? 'सुरा उत्तम आहे. कडाक्याच्या थंडीतही हाताला विश्वास वाटतो.' आता तरी झोपाल ना?"

"हो," मी म्हणालो. "पत्र सांभाळून ठेवा. पत्ता आहे ना त्यावर?"

"पत्ता कशाला?"

मी फोन ठेवला.

कारण मालक विसरले असतील, पण मेहुण्यांनी मला ते एकदा दाखवलं होतं. आधीच्या सुऱ्याबद्दलही पहिल्या वर्षी असंच एक पत्र आलं होतं. अक्षर सुरेख. हाताला विश्वास वाटतो, असंच काहीसं लिहिलं होतं. खाली त्या वाटाड्याची सही होती.