त्याला पाला कडू लागला नाही

"शिस्टर, पाव्हण्याला पाला कडू लागंना!"

चांगदेवभाऊ ओरडत आमच्या सरकारी दवाखान्यात घुसले. भर दुपारचे दोन. पाठीवर सहा फुटी गोरा माणूस, एका पायात बूट, हातात कडुलिंबाचा अर्धा चावलेला डहाळा. आणि तो माणूस चक्क... हसत होता!

आमच्या जुन्नरकडे साप चावला की आधी लिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, नाही लागला तर विष चढलं. साफ खोटं! पाला कडू लागला म्हणून घरी बसून राहिलेली माणसं मी ह्याच टेबलावर मरताना पाहिलीत. मला त्या पाल्याची चीड आहे.

"कडू नाही लागला?" मी त्याला विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला. "आमच्या उरुग्वेत रोज सकाळी पाल्याचा चहा पितात. बिनसाखरेचा. तो यापेक्षा कडू."

जीभच सरावलेली! आणि चांगदेवभाऊंना वाटलं, विष डोक्यात गेलं. त्या घोटाळ्यानं त्याला पंधरा मिनिटांत इथं आणलं. कडू म्हणाला असता तर ओट्यावर बसवून चहा पाजला असता.

त्याचं नाव ब्रुनो. खोडदच्या मोठ्या दुर्बिणींवर कामाला आलेला, दीड वर्ष चांगदेवभाऊंकडे भाड्यानं राहणारा. बोलणं इंग्रजी, मध्येच भाऊंकडून उचललेली मराठी.

आमच्या डॉक्टर वैजयंती मॅडमनी पाय पाहिला. घोट्यावर दोन दात. साप कुणी पाहिला नव्हता. मी रक्त काढून काचेच्या कोऱ्या नळीत उभं ठेवलं. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. गोठलं तर ठीक. पातळच राहिलं तर घोणस.

सूज जिथवर होती तिथं मी पेनानं रेघ ओढली, शेजारी वेळ लिहिली.

"माझ्यावर लिहिताय?"

"हलू नका."

"खाली सही पण करा ना."

"करीन... बरे झालात तर."

डोळे तपकिरी. बघणं असं, की माझा वेळेचा आकडा वाकडा गेला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. विम्यावाली बाई. तिथं काही करू देऊ नका, जवळचीच गाडी पाठवतेय, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात या. इथं काय औषध आहे, हेसुद्धा विचारलं नाही तिनं! आमच्या भिंतींचा रंग उडालाय, खरंय. पण सापाचं औषध आमच्या फ्रीजमध्ये आहे, तिच्या फोनमध्ये नाही.

वीस मिनिटं झाली. नळी तिरकी केली. रक्त गोठलं होतं.

"म्हणजे मी बरा!" तो उठून उभाच राहिला. बाहेर गाडीचा हॉर्न.

"बरा नाही. अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं. विष उशिरा चढतं."

"गाडीत बघतील की."

माझं डोकं सटकलं. दारात आडवी उभी राहिले. "चाकणच्या ट्रॅफिकमध्ये रक्त पातळ झालं तर ड्रायव्हर काय करणार? हॉर्न वाजवणार? जायचं असेल तर कागदावर सही करा आणि चालते व्हा!"

"अगं शिस्टर, पावणा हाय त्यो..." चांगदेवभाऊ पुटपुटले.

ब्रुनोचं हसू गेलं. "मला दवाखान्याची भीती नाही," तो हळूच म्हणाला. "आई पंधरा हजार किलोमीटरवर आहे. इथं काही झालं तर... माझं कुणीच नाही."

"मी आहे ना."

तोंडातून निघून गेलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. चांगदेवभाऊंनी छताचा पंखा मोजायला घेतला, एकच होता.

तो खाली बसला. "लई बरं," म्हणाला, "थांबतो."

अर्ध्या तासानं दुसरी नळी. पुन्हा वीस मिनिटं, आणि मी स्टुलावर त्याच्यासमोर.

"तुमचं नाव?"

"तेजस्विनी."

"तेजस्... अवघड आहे."

"तुमच्या दुर्बिणीपेक्षा सोपं आहे."

"तिला निदान राग येत नाही."

मला हसायचं नव्हतं. हसले. मग नळी उचलली, तिरकी केली... आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. सूज माझी रेघ ओलांडून वर गेली होती.

"ब्रुनो, घोणस आहे. औषध आत्ता द्यायला हवं."

फोन पुन्हा वाजत होता. त्यानं उचलला, "न्हाई येत," म्हणून चक्क मराठीत सांगितलं आणि बंद केला. हात माझ्यापुढं केला. "लाव."

औषधाच्या दहा बाटल्या सलाइनमधून गेल्या. मध्येच तो थडथडा उडायला लागला, अंगावर गांधी उठल्या. मॅडमनी इंजेक्शन दिलं. त्यानं माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. माझी ड्यूटी संपून गेली, मी उठले नाही. सहा तासांनी पुन्हा नळी लावली.

गोठलं! मी ओरडलेच. चांगदेवभाऊंनी वॉर्डभर पेढे वाटायची घोषणा केली, वाटले मात्र केळी.

चौथ्या दिवशी त्याला घरी सोडलं. मॅडम म्हणाल्या, आठवड्यानं दाखवा. तो दुसऱ्याच दिवशी ओपीडीच्या रांगेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काठी टेकत, पन्नास बायांच्या मध्ये उभा.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"तू त्या दिवशी म्हणालीस, मी आहे ना..." त्याचे कान लाल झाले. "ते पेशंटला म्हणालीस, की... मला? माझं काम दोन महिन्यांत संपतंय. मुदत वाढवून मागायची की नाही, ते ठरवायचंय. मला तू आवडतेस, तेजस्विनी."

नाव पहिल्यांदा नीट घेतलं त्यानं. रांगेतली एक म्हातारी तर खोकायची थांबली.

"माग मुदत," मी म्हणाले. "आणि पाचला गेटबाहेर थांब. आत मी सिस्टर आहे."

पाचला स्कूटी काढली. आमच्याकडच्या पोरी मुलाबरोबर गाडीवर निघाल्या की डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळतात, ओळखीच्या कुणी पाहू नये म्हणून. माझा स्कार्फ पर्समध्ये होता. तिथंच राहू दिला.

ब्रुनो मागं बसला, सुजलेला पाय बाहेर काढून. "कुठं?"

"पिंपळवंडी. आमच्या घरी. आईला सकाळीच सांगितलंय."

"आजच?"

"भ्यायलास?"

"लई," तो माझ्या खांद्याला धरत म्हणाला.

मी बाजारपेठेतून गाडी घातली. मुद्दाम हळू.