वरच्या खोलीचं पाणी

जवळ सरका, मला मोठ्याने बोलवत नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो प्लंबर माझ्या चांगल्या ओळखीचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणजे, फार नव्हे.

थंडीचे दिवस. रविवारची रात्र, साडेदहा झाले असतील. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो सुट्टीवरून घरी परतला. सोमवारी मुलांची शाळा, याचं काम. बायकोने बॅगा ओट्याशी टाकल्या, गणवेश शोधायला कपाट उघडलं आणि म्हणाली, आधी पाणी सुरू करा, मग टेका. तो विजेरी घेऊन घरामागे गेला.

घर सोडताना पाण्याचा मेन कॉक बंद करायचा, ही त्याची धंद्याची सवय. पाण्याने भरलेली लोकांची घरं त्याने उपसली होती ना. या वेळीही निघताना हात आपसूक कॉकवर गेला. पण घर रिकामं नव्हतं. वरच्या खोलीत त्याची आत्या राहायची. गुडघे धरलेले, म्हणून ती कुठे जात नसे. अन् तिच्या नळाची लाइन यानेच खालच्या लाइनला जोडलेली.

बसमध्ये त्याला आठवलं. आत्याकडे फोन नव्हता. शेजारच्या शिंप्याला एक फोन करायचा, एवढंच. पण बायको शेजारी बसलेली. ती म्हणाली असती, जगाचे नळ नीट करता आणि घरच्या म्हातारीला तहानलेली ठेवता. संध्याकाळी करू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी मुलं समुद्रावर खेळत होती. मग उद्या. मग परवा. आणि दिवस गेले तशी लाज वाढली. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? घेईल शिंप्याकडून घागरभर, अशी त्याने मनाची समजूत घातली. मुलं वाळूचा किल्ला करत होती. तो त्यांना बादलीने पाणी आणून देत राहिला.

आई लवकर गेलेली. त्याला आत्यानेच वाढवलं होतं.

आता घरामागे त्याने कॉक उघडला. पाइप खोकला, थरथरला, आणि पाणी चढू लागलं. वरच्या खोलीत नळ वाहिल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने कुणी तरी तो बंद केला. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. म्हातारी ठीक आहे. आता जाऊन पाय धरायचे, सांगून टाकायचं.

जिन्यातला दिवा गेला होता. तो खालच्या पायरीवर थांबला.

"आत्या, जागी आहेस?"

"आलात का रे?" वरून नेहमीचा आवाज. "पोरं उन्हाने काळवंडली असतील."

"हो, ओळखू येत नाहीत."

"पाणी गेलं होतं रे... सगळ्यांचंच गेलं होतं का?"

बघा. विचारलंन की नाही? जीभ उचलायची, एवढंच बाकी होतं. पण तो म्हणाला, "हो आत्या. सगळ्यांचंच."

"मग बरं... मला उगाच वाटलं..."

"काय वाटलं?"

...

"आत्या?"

...

वर जावं. पण तो खालच्या पायरीवरच राहिला. जिन्यात गारवा. वर काहीच हलत नव्हतं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. शिंपी होता. खिडकीत उजेड दिसला म्हणून आला म्हणाला. दुपारपासून फोन लावतोय, लागतच नाही. मग तो खाली बघत बोलू लागला. आत्या शुक्रवारी जिन्यात पडली होती. हातात कळशी होती, कोपऱ्यावरच्या नळावरून भरून आणलेली. शिंप्यानेच दवाखान्यात नेलं. आज दिवेलागणीला ती गेली.

"मी विचारलं तिला, आत्याबाई, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाली, प्लंबरच्या घरात पाणी नाही असं गावभर झालं, तर पोराच्या पोटावर पाय येईल. विसरला असेल. त्याला बोलू नका, सुट्टीत कळवूही नका."

शिंप्याने खिशातून किल्ली काढली. "खोलीला कुलूप मी लावलं. शुक्रवारपासून बंद आहे."

बायको गणवेश हातात घेऊन दारात उभी होती. तिने हळूच विचारलं, "मग आता जिन्यात तुम्ही कुणाशी बोलत होता?"

त्याने विजेरी उचलली.

तिघं वर गेली. विजेरीच्या उजेडात कुलूप लटकत होतं. शिंप्याने ते काढलं. दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. बादली पालथी. मोरी कोरडी. अंथरूण घडी घालून ठेवलेलं.

खिडकीच्या कट्ट्यावर पेले होते. चार. काठोकाठ भरलेले, वर ताटल्या झाकलेल्या. प्रवासातून दमून आलेल्या माणसांसाठी ठेवावेत, तसे.

घरात माणसं चार.

"मी नाही ठेवले," शिंपी म्हणाला.

ती खोली अजून आहे. मी स्वतः पाहिली आहे. पेल्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. त्यावरून कडक उन्हाळे गेले, गावच्या विहिरी तळाला गेल्या...

चारही पेल्यांतलं पाणी काठाखाली उतरलेलं नाही.