पट्टीवरचं नाव

त्या शनिवारी अजित देवनहळ्ळीला गेला तो एक जुनी पिशवी आणायला. बंगळूरच्या जे. पी. नगरहून देवनहळ्ळी म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. दोन तास जायला, दोन यायला, आणि तेही एका पिशवीसाठी! दुसरा कोणी असता तर अजितनेच त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती सिद्धीला, त्याच्या बायकोला, हवी होती ना. पूर्वी लढाऊ विमानातले लोक हेल्मेट ठेवायला वापरायचे तसल्या घाटाची पिशवी. हिरवट कापड, पुढे झाकणाचे दोन मोठे खिसे, वर चेन, आखूड बंद, आत भडक नारिंगी अस्तर, आणि मधोमध ही एवढी जागा. "यात लॅपटॉप मावेल, डबा मावेल, अक्षराचा स्वेटर मावेल, वर मेथीची जुडी," असं ती फोनवर फोटो दाखवून म्हणायची. "घेऊ गं," असं तो म्हणायचा. घ्यायची राहिली, आणि मग सिद्धीच राहिली नाही.

तिला जाऊन दहा महिने झाले होते. चार दिवस साधा ताप, पाचव्या दिवशी आयसीयू. त्या संध्याकाळी तिने नर्सच्या फोनवरून त्याला म्हटलं होतं, "अजित, ये ना रे." इकडे त्यांची सात वर्षांची लेक अक्षरा तापाने फणफणलेली आणि घरात दुसरं कोणी नाही. "उद्या येतो गं, सकाळीच," तो म्हणाला. पहाटे त्याच नंबरवरून नर्सचा फोन आला. ते 'उद्या' तेव्हापासून त्याच्या घशात अडकलेलं होतं.

पिशवी विकणारे शिवकुमार हे एकटेच राहणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी पिशवी पुढे केली आणि खिशाच्या झाकणावर शिवलेल्या कापडी पट्टीवर बोट ठेवलं. पट्टीवर काळ्या दोऱ्याने कानडी अक्षरं भरलेली होती. "पट्टी तेगीबेडी," ते म्हणाले. "तेगीबेडी."

बंगळूरला येऊन पाच वर्षं झाली तरी अजितची कानडी 'स्वल्प' आणि 'सरी'च्या पलीकडे गेलेली नव्हती. तो मान डोलावून म्हणाला, "सरी, सरी." अहो, पुण्याहून इथे आलेला जो तो हेच करतो. न कळलेल्या वाक्याला सरी म्हणायचं आणि सुटायचं! दार लावताना म्हातारा रडत होता, एवढं मात्र त्याने पाहिलं.

परतताना त्याने टॅक्सीच्या ड्रायव्हरला पट्टी वाचायला सांगितली. "नाळे बा, सार," ड्रायव्हर म्हणाला, हसला, आणि तेवढ्यात सिग्नल सुटला. अजित खूश! नाळे म्हणजे आपल्या फलटणकडचं आडनाव. फौजेत नावाच्या पट्टीवर आडनाव आणि पुढे नावाचं अक्षर असतंच. नाळे बा. बाळकृष्ण असेल, नाहीतर बापूराव. आपल्याच मुलखातल्या कुणा नाळ्यांची पिशवी आपल्या हाती यावी, याचं त्याला फार बरं वाटलं. मराठी माणसाचं नाव कानडीत कशाला भरतील, हा प्रश्न पडायला हवा होता. नाही पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने ब्लेडने टाके उसवले आणि पट्टी बटणांच्या डब्यात टाकली. परक्याच्या नावाने कुठे मिरवायचं? सोमवारपासून पिशवी ऑफिसला जाऊ लागली. लॅपटॉप, डबा, अक्षराचा स्वेटर, येताना मेथी. सिद्धी म्हणाली होती तसं सगळं मावलं.

बुधवारी तो घरूनच काम करत होता. अक्षराची शाळा सुटायला अवकाश होता आणि स्वयंपाकाच्या यल्लव्वा अजून आल्या नव्हत्या. दुपारचे तीन. समोरच्या बांधकामावरचं मशीन एकाएकी थांबलं, आणि त्या शांततेत त्याला चेन सरकल्याचा आवाज आला. खुर्चीवरची पिशवी बोटभर उघडली होती. आतून वास आला, ब्राह्मीच्या तेलाचा. हे तेल घरात दहा महिन्यांत कोणी आणलेलं नव्हतं.

"अजित..."

आवाज सिद्धीचा होता. त्याने लॅपटॉप मिटला.

"ये ना रे..."

घाबरला? छे! तो पिशवीजवळ गुडघे टेकून बसला आणि ढसाढसा रडला. त्या दिवसापासून तीनच्या ठोक्याला तो काहीतरी निमित्त काढून घरी असायचा. तो बोलायचा, अक्षराच्या शाळेचं, आपल्या चुकलेल्या भाज्यांचं. अक्षराच्या वेण्या अजून नीट जमत नाहीत, दुपारपर्यंत सुटून येतात, हेही त्याने सांगितलं. सिद्धीच्या वेण्या कशा, घट्ट, दुमडून लाल रिबिनीत बांधलेल्या! आतून उत्तर एकच यायचं. ये ना रे. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

पंधरवड्याने एका सुट्टीच्या दुपारी तो आंघोळीहून बाहेर आला तर अक्षरा पिशवीत दोन्ही पाय घालून उभी होती. पिशवीची खोली वीतभर, आणि पोरगी गुडघ्यापर्यंत आत.

"बाबा, आई म्हणते मी मावते."

त्याने तिला खसकन उचलून बाहेर काढलं. तिचे पाय बर्फगार होते. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याला भीती वाटली.

त्याच संध्याकाळी अक्षराला शाळेसाठी बटण हवं होतं. तिने डबा उपडा केला आणि पट्टी उचलून मोठ्याने वाचली. दुसरीतली पोर, शाळेत कानडी शिकत होती. "ना-ळे बा. बाबा, हे कोणाला सांगितलंय, उद्या ये म्हणून?"

स्वयंपाकघरातून यल्लव्वा बाहेर आल्या. निपाणीकडच्या बाई, मराठी आणि कानडी दोन्ही तोंडात. "हे कुठनं काढलासा, साहेब?"

"नाव आहे ते. नाळे."

"नाव न्हवं वो! नाळे म्हंजे उद्या. बा म्हंजे ये." त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडं दारावर लिवायचे. ती घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारत येती... 'उद्या ये' वाचलं की माघारी जाती. दुसऱ्या दिशी येती, पुन्ना तेच वाचती. काढायचं नसतंय ते."

"ती म्हणजे कोण?"

"कोण ते कोणी बघितलंय? आवाज मातर आपल्या माणसाचा असतोय."

तेगीबेडी. काढू नका. अजितला आता कळलं, आणि म्हातारा का रडत होता तेही. त्यालाही आतून त्याचंच कोणी माणूस हाक मारत असणार.

त्याने सुईत दोरा ओवला. उद्या तीन वाजायच्या आत टाके पडायला हवे होते. पण पहिला टाका घातला आणि पिशवी त्याच्या मांडीवर जड झाली.

"अजित... ये ना रे."

एकदा तिला उद्या म्हणून झालं होतं. आता पुन्हा म्हणायचं, आणि या वेळी दोऱ्याने, पक्कं. त्याला वाटलं, फेकून द्यावी ही सुई आणि जावं हिच्याबरोबर, एकदाचं. आतल्या खोलीत अक्षरा पाढे म्हणत होती. सात एके सात, सात दुणे चौदा. "उद्या गं," तो म्हणाला, आणि रडत रडत शेवटचा टाका घातला.

त्यानंतर चार दिवस रोज तीनला चेन जराशी हलायची, आतून कोणीतरी श्वास सोडल्यासारखं व्हायचं आणि मग सगळं शांत. पिशवी कपाटावर ठेवलेली होती. यल्लव्वा संध्याकाळपर्यंत थांबत होत्या. घर ठीक चाललं होतं आणि अजितला जेवण जात नव्हतं.

पाचव्या दिवशी तो ऑफिसातून पाचला आला. यल्लव्वा गॅसपाशी भाकरी थापत होत्या. "पोर शाणी बसलीया, एकटीच बोलूलालीया," त्या म्हणाल्या.

अक्षरा खोलीत जमिनीवर पाठमोरी बसली होती आणि चित्र रंगवत होती. पिशवी तिच्या शेजारी होती. ओढून आणलेलं स्टूल अजून कपाटाला टेकलेलं. झाकणावरची पट्टी अर्धीच उरली होती.

"बाबा, मी शाळेतल्या कात्रीने 'नाळे' कापलं," ती मान न वळवता म्हणाली. "रोज उद्या उद्या म्हटलं तर आई कधी येणार? आता नुसतं 'बा' ठेवलंय."

अजितला ब्राह्मीच्या तेलाचा वास आला. मग त्याचं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. दोन वेण्या, घट्ट, दुमडून लाल रिबिनीत बांधलेल्या. सकाळी त्याने घातलेल्या त्या ह्या नव्हत्या.

उजव्या वेणीची रिबीन लांब होती. ती तिच्या खांद्यावरून खाली येऊन जमिनीवरून पिशवीपर्यंत गेली होती आणि बंद चेनीच्या फटीत शिरली होती. ती ताणलेली होती.

त्याने हळूच कात्री उचलली. रिबीन दोन बोटांत धरली. तिला आतून अगदी हलका झटका बसला आणि अक्षराची मान थोडी मागे झाली.

"अजित, हळू..." पिशवीतून सिद्धी म्हणाली. "तिचे केस ओढले जातील."