युती तुटली त्या दिवशी

माधव नगरच्या शाळेतल्या मतदान केंद्रात बाक एकच होता आणि पोलिंग एजंट दोन. मर्यादा पक्षाची मुक्ता आणि संस्कृती परिषदेचा शैलेंद्र. दोन्ही पक्ष परंपरेचंच नाव घेणारे. भांडण एवढंच, की खरे परंपरेचे कोण!

"जरा सरका," मुक्ता म्हणाली.

"सीट सोडायची सवय आमच्या पक्षाला नाही."

"निकालापर्यंत लागेल ती सवय!"

तो हसला... आणि सरकला. दुपारी तिच्या बाजूला ऊन आलं, तेव्हा त्यानं न बोलता जागा बदलून घेतली.

त्या वेळी परिषद हरली. पुढच्या पोटनिवडणुकीत मर्यादा पक्ष आपटला. जो हरेल त्यानं फ्रीगंज बाजारात कुल्फी खिलवायची, असं दोघांचं ठरलं होतं. घरी मात्र दोघंही गप्प. मुक्ताचे वडील भय्यासाहेब मर्यादा पक्षाचे शहराध्यक्ष, परिषदेचं नाव काढलं तरी भडकायचे.

मग विधानसभेत कुणालाच बहुमत मिळालं नाही. भोपाळमध्ये दोन्ही पक्षांची युती झाली आणि भय्यासाहेबांचा सूरच बदलला.

"अगं, तुझं नि त्या शैलेंद्रचं कळलंय मला. एकदम बढिया! विजयसभेत मंचावरच साखरपुडा करून टाकू."

मुक्तानं राम घाटावर शैलेंद्रला हे सांगितलं.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला रे... पण बाबांना जावई नकोय, मित्रपक्ष हवाय. उद्या युती तुटली, तर आपणही तुटायचं?"

तो म्हणाला, "मग मंचावर नको."

"आणि नंतर ते नाहीच म्हणाले तर?"

"तर... मी पुन्हा विचारीन."

त्यानं मंचावरच्या साखरपुड्याला नकार कळवला. भय्यासाहेब महिनाभर मुक्ताशी बोलले नाहीत.

सात महिन्यांत युती तुटली, सरकार पडलं. टीव्हीवर दोन्ही पक्ष एकमेकांना गद्दार म्हणत होते, भय्यासाहेबांच्या अंगणात घोषणा चालल्या होत्या. त्याच गर्दीतून शैलेंद्र एकटा आत आला. घोषणा थांबल्या.

"आता इथे काय काम?" भय्यासाहेब गरजले.

"मुक्ताला मागणी घालायला आलोय, काका."

"आज? आजच्या दिवशी?"

"आजच. आज यात कुणाच्याच पक्षाचा फायदा नाही."

भय्यासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग दाराशी उभ्या लेकीकडे — तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. त्यांनी टीव्ही बंद केला.

"बस, बेटा," ते हळूच म्हणाले. "मुक्ता... चहा टाक."