पुरवणीवरचं अक्षर

सारिका बिराजदारबाईंनी दहावीची सनद जपून राहावी म्हणून हौसेनं लॅमिनेट करून घेतली होती. पंचवीस वर्षांत अक्षरं प्लास्टिकला चिकटून निघाली, आणि परवा पाहिलं तर नावसुद्धा धड वाचता येईना. जपणुकीचा असा अतिरेक शिक्षकांनीच करावा! मुख्याध्यापकपदासाठी कागद शुक्रवारपर्यंत द्यायचे होते, म्हणून बाई दुय्यम प्रतीसाठी परीक्षा मंडळाच्या कार्यालयात आल्या.

पूर्वी यासाठी पोलीस ठाणं, प्रतिज्ञापत्र असे हेलपाटे असत. आता कपाळाला ओळखपट्टा बांधला की काम झालं. जतन केलेली उत्तरपत्रिका पडद्यावर पानामागून पान दाखवतात. ओळखीचं काही दिसलं की माणूस 'हो' म्हणायच्या आत, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात, मेंदूत एक लहर उठते आणि पट्टा तिची रेघ पडद्यावर काढतो. ती मुद्दाम उठवता येत नाही आणि दाबताही येत नाही.

"मॅडम, मान हलवू नका," कारकून इंगळे म्हणाले. "गणिताचा पेपर लावतो. तुमचाच विषय ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

पहिल्या पानांना बारीक बारीक लहरी उठल्या. मग पुरवणी आली. तिच्यावरचं तिरपं अक्षर बाईंचं नव्हतं.

दहावीच्या त्या परीक्षेत पुढच्या बाकावर मंगल सुरवसे होती. गणितात तिच्या तोडीचं वर्गात कुणी नव्हतं. सारिकानं फार गयावया केली, तेव्हा तिनं 'बघ आणि लगेच परत दे' म्हणून आपली पुरवणी मागं सरकवली. तेवढ्यात शेवटची घंटा झाली. पुरवणीवर बैठक क्रमांक घालायचा राहिला होता. सारिकानं तिथं आपला क्रमांक घातला आणि ती दोरीनं आपल्याच उत्तरपत्रिकेला बांधून टाकली. मंगलनं तोंड उघडलं असतं तर दोघीही पकडल्या गेल्या असत्या. ती गणितात चार गुणांनी नापास झाली आणि घरच्यांनी तिची शाळा सोडवली. आज ती बाईंच्याच शाळेत खिचडी शिजवते आणि एका वर्गात शिकलेल्या सारिकाला 'अहो बाई' म्हणते. अकरा वर्षं बाई तिच्या हजेरीवर मान वर न करता सही करत आल्या आहेत.

"अबब!" इंगळे म्हणाले. "या पानाला तर रेघ पार वरच्या कडेला टेकली! एवढी ओळख मी कुणाची बघितली नाही. शंभर टक्के तुमचंच."

अक्षर कुणाचं, हे यंत्र विचारत नव्हतं. ओळखलं का, एवढंच विचारत होतं. बाईंना इतकी लाज वाटली की पडद्याकडे बघवेना.

छपाईयंत्रातून नवी सनद बाहेर आली. बाईंनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"इंगळेसाहेब, ही पुरवणी माझी नाही," त्या म्हणाल्या. "जिची आहे, तिला सनद कधी मिळालीच नाही. तिला दुय्यम प्रत मिळते का हो?"