अनशापोटीची पूड

जेवण मोजून, पाणी मोजून, औषधाची पूडही मोजून. तरी बिब्बीच्या रक्तातला फॉस्फरस उतरत का नव्हता?

तीन आठवडे ऋजुताला हे कोडं सुटत नव्हतं. बिब्बी तिची कुत्री, तिच्याहून वर्षभराने थोरली. हल्ली ती ताटलीकडे बघून तोंड फिरवायची.

"फॉस्फरस सहा पूर्णांक नऊ. मागच्याइतकाच," घरातला यंत्रमानव तोळा म्हणाला. "माझ्या मापात चूक नाही."

"म्हणजे माझी आहे का?"

"मी फक्त मापाबद्दल बोललो."

आजोबा हसले. प्राण्यांच्या मूत्रपिंडांवर (रक्त गाळून लघवी तयार करणारे अवयव) त्यांनी चाळीस वर्षं संशोधन केलं होतं.

"हे बघ ऋजू, मूत्रपिंडात लाखो बारीक चाळण्या असतात. बिब्बीच्या बऱ्याचशा निकामी झाल्यात. त्या परत उगवत नाहीत. उरलेल्यांवरचं ओझं हलकं करायचं, एवढंच आपल्या हातात. फॉस्फरस (हाडामांसात भरपूर असणारं खनिज) साचला, तर त्याही जातील."

"म्हणून तर मटण कमी आणि हाडं बंद केली ना! आणि पूड?"

"ती बंधक (अन्नातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरून ठेवणारा पदार्थ). धरलेला फॉस्फरस रक्तात शिरतच नाही, शीवाटे बाहेर पडतो. तू ती देतेस कशी?"

"उठल्याउठल्या, पाण्यातून. अगदी अनशापोटी!" ऋजुता ऐटीत म्हणाली. "आजी सगळी औषधं तशीच द्यायची. जेवण मग नऊला."

आजीच्या हातचा काढा आजोबांनीही वर्षानुवर्षं अनशापोटीच घेतला होता.

मग त्यांनी दोन ग्लास आणि तुरटी मागवली. एका ग्लासात स्वच्छ पाण्यात तुरटी ढवळून ते पाणी ओतून टाकलं आणि मग गढूळ पाणी भरलं. दुसऱ्यात गढूळ पाण्यातच तुरटी फिरवली. तासाभराने दुसऱ्यातला गाळ तळाशी बसला होता. पहिला ग्लास तसाच गढूळ.

"तुरटी गाळाला भेटलीच नाही!" ऋजुता ओरडली आणि एकदम थांबली. "आणि पूड... जेवणाला भेटलीच नाही. आजोबा, माझे तीन आठवडे फुकट गेले?"

"पुडीचे गेले," आजोबा म्हणाले. "पण जेवणातून हाडं गेली, ते कामी आलं, नाहीतर आकडा वाढला असता. आणि तुरटी ग्लासापुरतीच हं, बिब्बीला नाही."

"तोळ्या, तू का नाही बोललास?"

"मला 'किती' विचारलं होतं. 'कधी' कुणी विचारलंच नाही."

"शहाणाच आहेस!"

त्या दिवसापासून पूड भातात कालवली जाऊ लागली, वर डॉक्टरांनी सांगितलेले माशाच्या तेलाचे थेंब. महिन्याने आकडा पाचावर आला. बिब्बी ताटली चाटून पुसून ठेवू लागली.

"बरी झाली?"

"नाही," आजोबा म्हणाले. "पण सावरली. आता जपायचं."

"चाळण्या परत का उगवत नाहीत, आजोबा?"

"ते कोडं मला चाळीस वर्षांत सुटलं नाही."

ऋजुताने बिब्बीच्या कोमट पाठीवर हात ठेवला. "मग आता ते माझ्याकडे द्या."