जिभलीला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला प्रभावती गांगणांच्या पेट्रोल पंपावर सकाळपासून नुसती धांदल असायची. आंबा घाटाच्या पायथ्याला तेवढा एकच पंप. आसपासच्या वाड्यांतले लोक आपापल्या मोटरसायकली धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजेला तिथेच आणत. मग कुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद, चहा आणि पोटभर गप्पा. प्रभावतीबाईंना, म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीच्या काकींना, त्या दिवशी पंपावर एक डाग दिसलेला खपत नसे. यंदाही पंप बंद ठेवून, पदर खोचून त्यांनी स्वतः पाइपने सगळं आवार धुऊन काढलं. जमिनीखालच्या टाकीचं तेलकट झाकणही पाणी ओतून ओतून घासलं.

मग पूजा झाली. यंत्राला हळदकुंकू, नळीला हळदकुंकू, आणि नळीच्या तोंडाशी बसवलेल्या जिभलीला जरा जास्तच कुंकू, कारण काकींचं आणि तिचं मुळीच पटत नव्हतं.

"घे बाई," काकी म्हणाल्या, "माझ्यावर पाळत ठेवायला आलीस ना? तुझाही मान ठेवते."

जिभली म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक संवेदक. गेल्या वर्षी सगळ्या पंपांवर तो सक्तीने बसवला गेला. सरकारी कागदांत त्याला भलंमोठं नाव होतं, पण तो पेट्रोलची चव घेतो म्हणून लोकांनी त्याची जिभली करून टाकली. नळीतून जाणाऱ्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ती मोजायची आणि यंत्राच्या काचेवर दाखवायची. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. इंजिनात दाबलं जाताना ठिणगी पडेपर्यंत पेट्रोलने दम धरायचा असतो. तो धीर सुटला की ते भलत्याच वेळी पेटतं, इंजिन आतून ठकठक करू लागतं आणि चढावर हाय खातं. अंक घसरला की जिभली नळीच बंद करायची. यंत्र बिघडलं तर अडायला नको म्हणून मालकाकडे एक चावी दिलेली असे. ती फिरवली की जिभली गप्प.

काकींनी ती चावी कधी फिरवली नव्हती, पण जिभलीचा राग मात्र मनापासून केला होता. नवऱ्यामागे त्यांनी एकटीने पंप चालवला होता. रोज सकाळी पहिलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यायचं, उजेडात धरून बघायचं आणि मगच पंप सुरू करायचा, ही त्यांची रीत. जिभली आली आणि बरणीचं काम संपलं. आता तीत प्रसादाचे कुरमुरे भरलेले होते.

आरती झाली, तेवढ्यात दिलावर साखरकरची शाळेच्या मुलांची व्हॅन करकचून ब्रेक लावत आत आली. मागच्या सीटवर त्याची बायको रुखसार आईच्या मांडीवर डोकं ठेवून विव्हळत होती.

"काकी, लवकर भरा! डॉक्टरीणबाई म्हणतात बाळ आडवं आहे, इथे जमायचं नाही, तडक कोल्हापूर गाठा. अँब्युलन्स फुरसं चावलेल्या माणसाला घेऊन रत्नागिरीला गेलीय. गाडीत घाटापुरतंसुद्धा पेट्रोल नाही."

काकींनी नळी टाकीत घातली आणि दांडा दाबला. खट्ट! काचेवर लाल अक्षरं उमटली : अंक एक्क्याऐंशी. पुरवठा बंद.

"अहो, हिला कुंकू लागलंय ना!" बाळा घडशी ओरडला. नव्या कोऱ्या मोटरसायकलीच्या पूजेसाठी तो सहकुटुंब आला होता. "ती काय चव घेणार? पुसा आधी."

काकींनी पदरानेच जिभली पुसली. पुन्हा दांडा दाबला. पुन्हा खट्ट.

"आत गेलं असेल कुंकू," कुणीतरी म्हणालं. "काकी, चावी फिरवा. तुमच्या पेट्रोलला कोण नावं ठेवणार?"

सगळ्यांनाच ते पटलं. काकींनाही पटलं. त्यांनी कमरेची चावी काढून यंत्राला लावली. रुखसार मोठ्याने कण्हली. दिलावरने हात जोडले. "काकी, घाला तुम्ही. तुमच्या हातचं पेट्रोल मी डोळे झाकून भरतो."

हे ऐकलं आणि काकींचा हात थबकला. डोळे झाकून? हा माणूस डोळे झाकून भरणार, म्हणजे डोळे उघडे ठेवायचे कुणी? वर घाटात गाडी बंद पडली, तर तिथे ना घर ना दार.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

"अहो काकी, थांबायची वेळ आहे का ही!"

"आहे! गप्प बैस!"

त्यांनी बरणी उचलली, कुरमुरे ताटात ओतले, कोरड्या फडक्याने बरणी आतून लख्ख पुसली. चावी फिरवून थोडं पेट्रोल बरणीत घेतलं, चावी लगेच उलटी केली आणि बरणी उन्हात धरली.

आतलं पेट्रोल गढूळ दिसत होतं, दुधाचा हात लागल्यासारखं. बघता बघता त्याचे दोन थर झाले. वर पिवळसर, खाली पाण्यासारखा.

"अरे देवा," काकी ओरडल्या. "फाटलं रे! माझं पेट्रोल फाटलं!"

उसाच्या नि भाताच्या पेंढ्यापासून काढलेला मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, आता पेट्रोलात भरपूर मिसळलेला असे. पेट्रोलला बराचसा धीर त्याच्याचमुळे. पण त्या मद्यार्काला पाण्याची भारी ओढ. टाकीत पाणी शिरलं की तो पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर तळाला जातो. काकींनी टाकीच्या झाकणाकडे पाहिलं. झाकणाखालचं रबर जुनं झालं होतं आणि सकाळी त्याच्यावर बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या त्यांनी, स्वतःच्या हाताने.

रडायला वेळ नव्हता. वाडीतली विजेची रिक्षा घाट चढण्यातली नव्हती आणि पुढचा पंप घाटापलीकडे. बरणी खाली ठेवून काकी समोरच्या माळा घातलेल्या मोटरसायकलींच्या रांगेकडे बघून कडाडल्या, "बाळ्या, कालच टाकी फुल केलीस ना रे?"

बाळा घडशीचा हात आपसूक आपल्या टाकीवर गेला. आज त्या गाडीला तो कुणाला बोटसुद्धा लावू देत नव्हता. पण त्याने व्हॅनकडे पाहिलं, गाडीची माळ काढून स्वतःच्याच गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "आणा एक रबरी नळी. तोंडाने ओढतो मी."

मग सगळेच सरसावले. एकेका टाकीतून नळीने पेट्रोल डब्यात आलं. बाळ्याच्या तोंडात घोटभर गेलं. तो थुंकत, खोकत म्हणाला, "अंक चांगला आहे!" त्या घाईतही लोक हसले. काकींनी मात्र जिभलीचं टोक डब्यात बुडवलं. काचेवर हिरवा अंक आला, पंच्याण्णव. तेव्हाच पेट्रोल व्हॅनमध्ये गेलं आणि व्हॅन घाटाला लागली. कुणी घरी गेलं नाही. ताटातले कुरमुरे तसेच राहिले.

दिवे लागायच्या सुमारास दिलावरचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. काकींनी फोन ठेवला, जिभलीजवळ गेल्या आणि सगळ्यांसमोर तिला हात जोडले. "तुला काय काय बोलले गं मी," म्हणाल्या आणि मग खरंच रडल्या.

टाकी उपसून, सुकवून, नवं रबर बसवून पंप सुरू झाला तेव्हा दिलावर पेढे घेऊन आला. सगळ्यांना त्याने हाताने भरवले. बाळ्याला दोन दिले.

"काकी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? माझ्याच पाण्याने घात होत होता. जिभलीचे मान, ह्या लोकांचे मान."

बरणी पुन्हा यंत्राशेजारी आली होती, लख्ख, रिकामी. दिलावर तिच्याकडे बघत राहिला.

"खरं सांगा. बरणी हाताशी नसती, तर माझ्या गाडीसाठी फिरवली असती तुम्ही चावी?"

काकींनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "फिरवली असती रे. माझ्या पेट्रोलवर माझा एवढा विश्वास होता."

"आणि मी भरलं असतं," दिलावर हळूच म्हणाला. "तुमच्यावर माझा होता."

काकींनी कमरेची चावी काढून तळहातावर धरली. "परत द्यायला निघाले होते ही. पण दिलावर, उद्या जिभलीच चुकली आणि तुझ्यासारखाच कुणी दारात उभा असला, तर ही चावी लागणारच. तेव्हा मला कळायचं कसं, की चुकतंय कोण, ती का मी?"

काकींनी एक पेढा जिभलीपुढे ठेवला, एक बरणीपुढे ठेवला आणि चावी पुन्हा कमरेला खोचली.